आठ महिने बंद राहिलेले पडदे: मंडळीतल्या एका मावशींचं प्रकरण

हे लिहायच्या आधी मावशींची परवानगी घेतलीय, नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. मी नर्स आहे आणि मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, घरोघरी भेटी देणाऱ्या गटात काही वर्षं सेवा करतेय. आमच्याकडून जे चुकलं तेही जसंच्या तसं लिहितेय, कारण अशी माणसं प्रत्येक मंडळीत असतात आणि आपण त्यांच्याकडे प्रार्थना घेऊन जातो पण त्यांच्या खोलीत उजेड आहे का हे बघत नाही.

पार्श्वभूमी

मावशी ६३ वर्षांच्या. त्यांच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं, आजारपण दीड वर्ष चाललं, शेवटचे काही महिने त्यांना उजेड सहन व्हायचा नाही, डोळे दुखायचे, म्हणून मावशींनी खोलीचे जाड पडदे ओढून घेतले होते. काका प्रभूमध्ये झोपी गेले, म्हणजे वारले, आणि पडदे तसेच राहिले. एक-दोन दिवस नाही, आठ महिने. आम्ही मधे दोन-तीनदा भेटायला गेलो होतो पण बाहेरच्या खोलीत बसायचो, ट्यूबलाइट लावलेली असायची, प्रार्थना करायचो, निघायचो. आत काय चाललंय ते कळलंच नाही.

मावशी म्हणजे आधी उपासनेला सगळ्यांच्या आधी हजर असणारी बाई. सकाळची उपासना त्यांनी चुकवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आता महिना महिना यायच्या नाहीत. फोन केला तर दुपारी उचलायच्या, आवाज झोपेतला.

समस्या काय दिसत होती

मंडळीत सगळ्यांना दिसलं ते एवढंच की मावशींचा विश्वास थंडावलाय. एका भगिनीने तर प्रार्थनासभेत उघडपणे नाव घेऊन "त्यांना आत्मिक जागृती मिळावी" अशी विनंती मांडली. हेतू वाईट नव्हता, पण ते मावशींच्या कानावर गेलं आणि त्यांनी दोन आठवडे कुणाचाच फोन घेतला नाही.

मग मी एकटीच गेले आणि पहिल्यांदा नीट विचारलं, झोप कशी आहे मावशी? तेव्हा सगळं बाहेर आलं. रात्री झोपच लागत नाही, पहाटे चारला कधीतरी डोळा लागतो, उठायला अकरा वाजतात. रात्रभर मोबाइलवर उपदेश ऐकत राहतात, स्क्रीन तोंडासमोर. पाय आणि कंबर सतत दुखते, जिना चढताना मांड्यांत जोर नाही. बोलता बोलता म्हणाल्या, "अगं, देव माझ्यावर नाराज असेल म्हणून सकाळच दाखवत नाही मला." हे ऐकून मला खूप वाईट वाटलं, कारण सकाळ रोज त्यांच्या खिडकीबाहेर येऊन थांबत होती.

आणि इथेच मी पहिली चूक केली. उत्साहात उठले आणि आतल्या खोलीत जाऊन पडदा सर्रकन उघडला. मावशी रडायला लागल्या. तो पडदा त्यांनी काकांसाठी ओढला होता हे मला माहीतच नव्हतं. मी लगेच परत ओढला, माफी मागितली, पण त्या दिवशी पुढे काही बोलणं झालं नाही.

आमच्यासमोरचे पर्याय

पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू), त्यांच्या पत्नी पाळकबाई, एक वडील (मंडळीची जबाबदारी सांभाळणारे ज्येष्ठ) आणि मी असे चौघं बसलो. मावशींचा मुलगा लांब असतो, त्याला फोनवर घेतलं.

वडिलांचं म्हणणं की उपास-प्रार्थना करावी, बाकी प्रभू बघेल. मुलाचं म्हणणं झोपेची गोळी सुरू करावी, आईला आराम पडेल. पाळकबाई म्हणाल्या की सोबत म्हणून कुणीतरी रोज सकाळी सहाला त्यांना उठवून प्रार्थनेला बसवावं. मी म्हटलं उजेड, शरीराला दिवस-रात्र कळेनाशी झालीय.

माझं बोलणं ऐकून वडील थोडे अस्वस्थ झाले. त्यांनी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं ४:१९ काढलं, जिथे सूर्य, चंद्र, तारे पाहून त्यांच्या पाया पडू नका असं सांगितलंय, आणि यहेज्केल ८ मधली ती पूर्वेकडे तोंड करून सूर्याला नमन करणारी माणसंही. त्यांची भीती खरी होती, आपण प्रार्थनेच्या जागी सूर्यप्रकाश तर ठेवत नाही ना? मला हा प्रश्न टाळायचा नव्हता. आम्ही उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून बसलो. "प्रकाश होवो" हे पहिल्या दिवशी, सूर्य मात्र चौथ्या दिवशी, आणि तिथे त्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही, नुसती मोठी ज्योती म्हटलंय, दिवसावर सत्ता चालवायला आणि दिवस-वर्षं दाखवायला नेमलेली. म्हणजे सूर्य नेमलेला चाकर आहे आणि त्याला काम नेमून दिलंय. नेमून दिलेलं काम त्याला करू देणं ही त्याची पूजा कशी होईल? उलट प्रकाश चांगला आहे असं देवाने पाहिलं आणि आपण तो आठ महिने दाराबाहेर ठेवला.

पाळकसाहेबांनी मग एलीयाची आठवण काढली, १ राजे १९. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणारा संदेष्टा. देवाने त्याला आधी उपदेश केला नाही, झोपू दिलं, देवदूताने खायला दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. आणि नंतर गुहेत जाऊन बसला तेव्हा म्हटलं बाहेर ये आणि डोंगरावर उभा राहा. वडील बराच वेळ शांत होते. मग म्हणाले, ठीक आहे, पण आधी डॉक्टर. हे त्यांचं म्हणणं सगळ्यांत शहाणपणाचं होतं हे मला आज कबूल करावंसं वाटतं, कारण मी स्वतः नर्स असून डॉक्टरचं नाव त्या बैठकीत काढलं नव्हतं. कलस्सैकरांस पत्रात पौलाने लूकला प्रिय वैद्य म्हटलंय, तो वैद्य सुवार्तेच्या कामातच बरोबर होता.

पहिला निर्णय: डॉक्टर आणि तपासण्या

थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ठीक. व्हिटॅमिन डी ९ नॅनोग्रॅम प्रति मिली. साधारण २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात, म्हणजे पाय-कंबर का दुखत होती त्याचं एक कारण तरी समोर आलं. डॉक्टरांनी मन लावून विचारपूस केली, नैराश्य आहे असं स्पष्ट सांगितलं, समुपदेशकाकडे पाठवलं, डी चे डोस लिहून दिले. झोपेच्या गोळीची घाई नको म्हणाले, आधी शरीराचं झोपेचं घड्याळ सरकवून बघू.

त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या ज्या मला सुचल्या नसत्या. एक म्हणजे आधी कधी अतिउत्साहाचे झटके, बायपोलरसारखं काही होतं का, कारण अशा माणसाला तेजस्वी प्रकाशाचा उपचार देताना जपावं लागतं, मन उलट्या टोकाला जाऊ शकतं. तसं काही नव्हतं. दुसरं, बीपीची गोळी कुठली? तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, ज्याने कातडी उन्हाला जास्त संवेदनशील होते. म्हणून त्यांनी बजावलं की उजेड भरपूर पण कडक ऊन नको.

माझी एक समजूतही तिथेच दुरुस्त झाली. मला वाटत होतं काचेच्या खिडकीशी खुर्ची ठेवली की दोन्ही कामं होतील. तसं नसतं. कातडीत व्हिटॅमिन डी बनायला उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण लागतात आणि खिडकीची साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते, शिवाय वय वाढलं की कातडीची डी बनवायची ताकदही कमी होते. म्हणून डी साठी मुख्य भरवसा गोळीवर ठेवायचा. उजेडाचं दुसरं काम डोळ्यांतून होतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यात (रेटिनात) मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असलेल्या काही पेशी असतात, त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात की दिवस उगवला. त्यांना उजेडाचं प्रमाण मोठं लागतं. घरातल्या दिव्यांखाली साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार, आणि लख्ख उन्हात लाखाच्या आसपास. आपल्याला ट्यूबलाइटची खोली उजळ वाटते कारण डोळा जुळवून घेतो, पण आतल्या घड्याळाच्या दृष्टीने ती संध्याकाळच असते. त्यात वयाने डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि नेमका निळसर प्रकाश कमी आत जातो, म्हणून वयस्कर माणसाला उजेड कमी नाही, जास्तच लागतो.

दुसरा निर्णय, जो चुकला

डॉक्टरांची पुढची भेट दहा दिवसांनी होती. तोवर थांबवेना म्हणून आम्ही पाळकबाईंची सूचना उचलली आणि सकाळी सहाला उठवायला लागलो. एक भगिनी रोज जायची, मावशींना अंगणात बसवायची, स्तोत्र वाचायची. पाचव्या दिवशी मावशींची हालत आणखी वाईट, रात्री पाचपर्यंत जागरण, दिवसभर डोकं जड, आणि त्यांना वाटायला लागलं की प्रार्थनेनेही मला काही होत नाही.

कारण नंतर कळलं आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय. शरीराचं तापमान रात्री एका वेळी सगळ्यांत खाली जातं, नेहमीच्या उठायच्या वेळेच्या साधारण दोन-तीन तास आधी. त्या वेळेनंतर मिळालेला उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, पण त्याच्या आधी मिळालेला उजेड घड्याळ पुढे ढकलतो. मावशी अकराला उठायच्या, म्हणजे त्यांच्या शरीराची मध्यरात्र आठ-नऊच्या सुमाराला होती. आम्ही त्यांना सहाला उजेडात बसवत होतो म्हणजे त्यांच्या शरीराच्या हिशोबाने ऐन रात्री दिवा डोळ्यांवर मारत होतो. भक्तीने केलं, प्रेमाने केलं, पण उलटंच झालं.

मार्क १:३५ मध्ये प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून प्रार्थनेला गेला हे आपण सगळ्यांना सांगतो आणि ते सुंदरच आहे, पण ते वचन आजारी माणसाच्या उशाशी गजर म्हणून लावू नये असं मला आता वाटतं.

त्याच काळात अजून एक झालं. मंडळीतला एक तरुण भाऊ चांगल्या मनाने मावशींना भर दुपारी तासभर बाहेर फिरवून आला. ती बीपीची गोळी, ते ऊन. हात आणि मान लाल झाली, चक्कर आली. योनाच्या डोक्यावर ऊन लागून तो मूर्च्छित झाला ते योनाच्या पुस्तकातलं ४:८ मला त्या संध्याकाळी आठवत राहिलं. दान चांगलं असलं तरी त्याला वेळ आणि माप असतं. डॉक्टरांना फोन केला, चार दिवस सगळं थांबवलं.

तिसरा निर्णय: मावशींना विचारून

या चार दिवसांत मी त्यांच्याकडे नुसती जाऊन बसले, काही करायला लावलं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःहून पडद्याची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "पडदा उघडला की ते गेले हे खरं होतं गं." मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या की बाहेरच्या खोलीचा उघडूया, आतला नको. मग बाहेरच्या खोलीचा पडदा त्यांनी उघडला, स्वतःच्या हाताने.

तिथून मग डॉक्टरांशी बोलून असं ठरलं की सुरुवात मावशी जागी होतात तिथूनच करायची. अकराला उठल्या की अर्ध्या तासात बाहेर, पण सावलीत, कारण सावलीत बसूनही मोकळ्या आकाशाखाली हजारो लक्स मिळतात आणि कातडी भाजत नाही. अर्धा तास बसायचं, सूर्याकडे थेट बघायचं नाही. चार-पाच दिवस जमलं की उठायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे. घाई नाही, एखादा दिवस चुकला तर चुकला. संध्याकाळनंतर घरात मोठे दिवे बंद करून एक मंद दिवा. मोबाइल झोपायच्या दीड तास आधी बाजूला. उपदेश ऐकायचा तर फोन पालथा ठेवून नुसता आवाज, आणि हे त्यांना सगळ्यांत अवघड गेलं कारण रात्री एकटं वाटतं. म्हणून दोन भगिनींनी रोज रात्री दहा मिनिटं साध्या कॉलवर बोलायचं वाटून घेतलं.

दिव्याच्या पेटीचा विचारही झाला, ती १०,००० लक्सवाली जी सकाळी अर्धा तास समोर ठेवतात. जिथे महिनोन्महिने सूर्य नीट दिसत नाही किंवा माणूस अंथरुणावरून उठूच शकत नाही तिथे तिचा उपयोग आहे. मावशी चालू शकत होत्या आणि बाहेर आकाश होतं, म्हणून आम्ही ती घेतली नाही.

बसताना वाचायला आम्ही स्तोत्र १०४ निवडलं, रोज थोडं थोडं. त्यात आहे की सूर्याला आपली मावळायची वेळ कळते, रात्र होते आणि वनातले पशू बाहेर पडतात, सूर्य उगवला की ते परत जातात आणि माणूस आपल्या कामाला निघतो. मावशी शिकलेल्या आहेत, त्यांनी एकदा पुस्तक मिटून म्हटलं, "म्हणजे मी इतके दिवस सिंहांच्या पाळीला जागत होते." आणि हसल्या. कित्येक महिन्यांनी.

थोडं विषय सोडून सांगते. नर्सिंग शिकताना आम्हाला एक गोष्ट सांगितली होती. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलमध्ये सिस्टर वॉर्ड नावाची नर्स अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊन मिळावं म्हणून बाहेर न्यायची. एक दिवस तिने डॉक्टरांना दाखवलं की बाळाचा पिवळेपणा उजेड लागला तिथे कमी झालाय आणि दुपट्याने झाकलेल्या भागावर तसाच आहे. १९५८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि त्यातून काविळीच्या बाळांसाठीचे दिवे आले. आज आपण बाळाला उन्हात ठेवून कावीळ बरी करत बसत नाही, दिवेच वापरतो आणि तेच सुरक्षित. पण कुणीतरी उजेडाकडे लक्ष दिलं म्हणून ते झालं. मी मावशींच्या घरी दोन-तीनदा जाऊन लक्ष दिलं नव्हतं.

परिणाम

दोन आठवड्यांत उठायची वेळ साडेनऊवर आली. मग तिथेच अडकली, जवळजवळ दहा दिवस काही हलेना, शोधलं तर कळलं की मावशी दुपारी दोन-दोन तास झोपत होत्या. ती झोप अर्ध्या तासावर आणली. सहाव्या आठवड्यात सात वाजता जाग आणि रात्री साडेअकराला झोप. तीन महिन्यांनी व्हिटॅमिन डी २८. कंबर अजून कधीकधी दुखते पण जिना चढतात. डॉक्टरांनी बीपीची गोळीही बदलून दिली.

नैराश्य गेलं का? बरंच हलकं झालं, पूर्ण नाही. समुपदेशन चालू आहे. डॉक्टरांचं मत असं की झोप सुधारणं, डी भरून येणं, बोलायला माणसं मिळणं आणि उजेड, यातलं किती कशामुळे हे वेगळं काढता येणार नाही, आणि मलाही ते वेगळं काढायची गरज वाटत नाही. वडिलांना मी विचारलं, तुमच्या प्रार्थनेचं उत्तर कुठलं धरायचं? ते म्हणाले याकोब १:१७ वाच, प्रत्येक उत्तम दान ज्योतींच्या पित्यापासून येतं, त्यात गोळी पण आली आणि सकाळ पण आली. त्यांची-माझी त्या दिवशीची चर्चा इथे येऊन पोचली याचा मला फार आनंद आहे.

मावशी सकाळच्या उपासनेला परत यायला लागल्या. आल्यावर त्यांनीच एक गोष्ट दाखवली जी आम्हाला वर्षानुवर्षं दिसली नव्हती. प्रोजेक्टर नीट दिसावा म्हणून आमच्या सभागृहाच्या सगळ्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला आहे. प्रकाशाची गाणी आम्ही अंधारात बसून म्हणत होतो. प्रोजेक्टरच्या पडद्याच्या बाजूच्या दोन खिडक्या झाकलेल्या ठेवून बाकीचा कागद काढलाय. वयस्कर मंडळी आता खिडकीकडे बसतात.

पुन्हा करायचं झालं तर

झोपेबद्दल पहिल्याच भेटीत विचारेन. कधी झोपता, कधी उठता, घराबाहेर दिवसातून किती वेळ पडता, या तीन प्रश्नांना पाच मिनिटं लागतात आणि आम्ही ते आठ महिने विचारले नाहीत.

डॉक्टरकडे लगेच. उजेड हे देवाचं चांगलं दान आहे पण ते तपासणीची जागा घेत नाही, आणि ज्यांना ल्युपस (उन्हाने वाढू शकणारा एक आजार) आहे किंवा जे उन्हाशी न जुळणारी औषधं घेतात, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिकसुद्धा त्यात येतं, त्यांना आपण आपल्या मनाने उन्हात बसवू नये. आणि कुणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर उजेड, झोप वगैरे बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. मावशींच्या बाबतीत समुपदेशकाने हे थेट विचारलं होतं, आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

सभेत नाव घेऊन प्रार्थनेची विनंती मांडायच्या आधी त्या माणसाला विचारायचं. हे आता मंडळीत ठरवूनच टाकलंय.

आणि माणूस उठतो तिथून सुरू करायचं, आपल्याला सोयीच्या किंवा आपल्याला पवित्र वाटणाऱ्या वेळेपासून नाही.

पडद्याबद्दल म्हणाल तर आतल्या खोलीचा अजून पूर्ण उघडलेला नाही. गेल्या महिन्यात गेले तेव्हा काकांच्या पलंगाच्या बाजूने वीतभर सरकवलेला होता आणि जमिनीवर उन्हाची पट्टी पडली होती. मावशींनी त्यात काकांचं बायबल ठेवलं होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आम्ही बाहेर येऊन बसलो.